लिस्बन बघायचंय? मग सुरुवात नदीपासून करा

युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, आणि दहा दिवसांत सात देशवाली ग्रुप टूर. पोर्तुगालची राजधानी लिस्बन त्यात कोणी धरतच नाही, कारण ते नकाशात एकदम डाव्या टोकाला, वाटेत लागत नाही, मुद्दाम जावं लागतं. पण मला विचाराल तर मुंबई, वसई, कोकण, गोवा इकडच्या माणसाने युरोपातली एकच राजधानी बघायची असेल तर ती हीच बघावी. मी आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे, त्यामुळे खाली जे लिहितेय ते सगळं या दोन गोष्टी धरून आहे, तरुण पोरापोरींनी त्यांच्या हिशोबाने वेग वाढवावा.

मुद्दाम जावं असं का म्हणते तर पहिल्याच सकाळी आम्ही बेकरीत गेलो आणि आई पाटी वाचून थांबली, पाव लिहिलंय की गं! पोर्तुगीजमध्ये पावाला पाँव असंच काहीतरी नाकात म्हणतात. मेनूवर बटाटा म्हणजे बटाटाच. कोबीला कोव्ह, बादलीला बाल्द, फितीला फिता, ख्रिसमसला नाताल, लिलावाला लैलाँव. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर जो शब्द दिसतो तो म्हणजे आपली चावी, आता ते त्याचा उच्चार शाव्ह करतात पण आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा तिकडेही च च होता, म्हणजे जुना उच्चार आपण सांभाळून ठेवलाय. पगार, परात, घमेलं, पिंप, बिजागरी, तुरुंग, अननस, पपई, काजू, हापूस, ही सगळी मंडळी तिकडूनच आलेली. फिरताना पाट्या वाचत चला, मजा येते आणि पोरांना सोबत नेलं तर त्यांना हा खेळच लावून द्या.

आधी तयारीचं बघू

व्हिसा शेंगेनचा लागतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर असलेलं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळायला त्रास होतो म्हणून तिकिटं बघायच्या आधी अपॉइंटमेंट कधीची मिळतेय ते बघा. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूल किंवा फ्रँकफर्ट असं कुठेतरी बदलावं लागतं.

जायचं कधी तर एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही, आणि नोव्हेंबरनंतर पाऊस. पावसाचं मुद्दाम सांगते कारण लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे छोटे छोटे हाताने बसवलेले दगड, लाखो लोकांच्या चालण्याने अगदी गुळगुळीत झालेले, त्यावर पाणी पडलं की फरशीवर साबण सांडल्यासारखं होतं. बुटाचा तळ रबराचा आणि खाचा असलेला पाहिजे, नवीन बूट घ्यायचे तर महिनाभर आधी घेऊन इथे चालून बघा. जूनच्या १२-१३ तारखेला जमत असेल तर संत आंतोनियोचा उत्सव असतो, हा संत मूळचा लिस्बनचाच, गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात आणि छोट्या कुंडीत एक रोप विकतात, मांजेरिकू म्हणून, तुळशीच्या भाऊबंदातलंच. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही म्हणतात, हात फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. आईला हे फार आवडलं.

राहायला बायशा किंवा रोसियूच्या आसपास बघा, तो भाग सपाट आहे. आल्फामा फोटोत सुंदर दिसतं आणि आहेही सुंदर, पण तिथे टॅक्सी दारापर्यंत जात नाही, बॅगा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. बुकिंग करताना लिफ्ट आहे का आणि कितवा मजला हे मेसेज करून विचाराच, फोटोवर जाऊ नका.

विमानतळ शहरातच आहे, तिथूनच मेट्रोची लाल लाइन सुटते, आलामेदाला उतरून हिरवी लाइन पकडली की थेट रोसियू, बायशा-शियादू. मेट्रोच्या मशीनवर नावेगांते नावाचं कार्ड मिळतं, माणशी एक लागतं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत. त्यात पैसे भरून ठेवायचे, त्याला तिकडे झॅपिंग म्हणतात, मग तेच कार्ड मेट्रो, बस, ट्राम, फेरीबोट सगळ्याला चालतं. ट्राममध्ये चढून रोख पैसे देऊन तिकीट घेतलं तर बरंच महाग पडतं. आणखी एक, सरकारी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात, काही मंगळवारी, तेव्हा दिवस ठरवताना आधी हे बघा. सध्या तिकडे बऱ्याच जुन्या वास्तूंची दुरुस्ती काढलीये म्हणून निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येक ठिकाणाची वेबसाइट एकदा उघडून बघा, चालू आहे का.

पहिला दिवस: नदी आणि भूकंप

कुठलंही म्युझियम नको, किल्ला नको, पहिल्या दिवशी प्रासा दु कोमेर्सियूला जा. हा नदीकाठचा भला मोठा चौक, तीन बाजूंनी पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू मोकळी, तेजू नदीकडे. नदी म्हणजे इथे खाडीच वाटते इतकी रुंद. काठावर दोन दगडी खांब आहेत आणि त्यांच्यामधून पायऱ्या पाण्यात उतरतात, राजेरजवाडे, परदेशी राजदूत या पायऱ्यांवर उतरायचे. तिथे बसा अर्धा तास. जुने लोक या चौकाला अजून तेरैरू दु पासू म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं आवार, आणि राजवाडा तर कुठेच दिसत नाही. तो गेला १ नोव्हेंबर १७५५ ला.

हे एक समजलं की सगळं लिस्बन समजतं म्हणून जरा नीट सांगते. तो सर्व संतांचा सण होता, सकाळी साडेनऊच्या पुढे, लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या लावलेल्या. प्रचंड भूकंप झाला, चर्चची छतं लोकांवर कोसळली, वाचलेले जीव घेऊन मोकळ्या जागेत म्हणजे नदीकाठी पळाले, आणि थोड्या वेळाने समुद्राकडून त्सुनामी आली ती तिथेच. उरलेल्या शहरात मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लागली ती पाच-सहा दिवस धुमसत होती. हजारो माणसं गेली. राजा जुझे त्या दिवशी कुटुंबासकट बेलेमला होता म्हणून वाचला, आणि नंतर म्हणे त्याला दगडी छताखाली राहायचीच भीती बसली, तो आजुदाच्या टेकडीवर तंबूत आणि लाकडी वाड्यात राहिला.

मग त्याचा मंत्री, ज्याला आपण पोंबाल म्हणून ओळखतो, त्याने शहर नव्याने आखलं. चौकातून कमानीखालून आत गेलात की तो भाग लागतो, बायशा, सरळ काटकोनातले रस्ते, सगळ्या इमारती एकसारख्या. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवलाय, भूकंपात दगड पडले तरी सांगाडा उभा राहावा म्हणून, आणि सांगतात की नमुना बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली. रस्त्यांची नावं बघा, सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा, आपल्या तांबट आळी, बोहरी आळीसारखीच गत. कमानीवर चढता येतं, थोडं लिफ्टने आणि थोडं अरुंद गोल जिन्याने, आई खालीच थांबली आणि मी वर गेले, वरून हा आखीव भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वेडेवाकडे डोंगर एका नजरेत दिसतात.

त्याच दिवशी दोन ठिकाणं अजून करा. एक, रोसियूच्या मागचं साँव दोमिंगुश चर्च. भूकंपात पडलं, परत बांधलं, मग १९५९ ला आतून जळलं, आणि आता ते दुरुस्त केलंय पण जळल्याच्या खुणा तशाच ठेवून, खांब भाजून तडकलेले, दगडाचे तुकडे उडालेले. आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो. याच्यासमोरच्या चौकात १५०६ ला ज्यू लोकांची मोठी कत्तल झाली होती, त्याचं स्मारक बाहेर आहे, ते वाचूनच पुढे जा.

दुसरं, कार्मोचा मठ. याला छतच नाही. १३८९ ला सुरू केलेलं मोठं गॉथिक चर्च, १७५५ ला छत पडलं ते तसंच ठेवलं, आता दगडी कमानी नुसत्या उघड्या आभाळाखाली उभ्या. माझ्यासाठी सगळ्या लिस्बनमधली सगळ्यात सुंदर जागा ही. संध्याकाळी बंद व्हायच्या तासभर आधी जा. आणि बाहेरचा छोटा चौक, जाकारांदाची झाडं असलेला, त्याचाही इतिहास आहे. २५ एप्रिल १९७४ ला तरुण सैन्याधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, पंतप्रधान कायतानू इथल्या बराकीत लपला होता, बाहेर रणगाडे आणि हजारो लोक, आणि सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली. गोव्याशी याचा थेट संबंध आहे. गोवा १९६१ ला मुक्त झाला पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने ते कधीच मान्य केलं नाही, या क्रांतीनंतर डिसेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा भारताचा हे मान्य केलं. म्हणजे त्या कागदाची सुरुवात या चौकातून झाली असं म्हणायला हरकत नाही.

कार्मोला चढून जायचं नसेल तर बायशा-शियादू मेट्रोचे सरकते जिने वापरा, खालच्या भागातून आत शिरायचं आणि शियादूच्या दाराने बाहेर पडायचं, आख्खी टेकडी फुकटात चढून होते. गुडघेवाल्यांनी हे लक्षात ठेवाच. जुन्या फ्युनिक्युलरच्या, म्हणजे दोराने टेकडीवर ओढत नेणाऱ्या डब्यांच्या, भरवशावर बेत आखू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला भीषण अपघात होऊन १६ माणसं गेली, त्यानंतर त्या बंदच ठेवल्या होत्या, चालू आहेत का ते तिथे गेल्यावर विचारा. शियादूत बेर्त्रांद नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, १७३२ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं चालू दुकान म्हणतात, आत एकातून एक अशा खोल्या आहेत, वाचणाऱ्याने इथे वेळ राखून ठेवावा.

दुसरा दिवस: बेलेम, सकाळी लवकर

बेलेम पश्चिमेला, साधारण सहा किलोमीटरवर. १५ नंबरची ट्राम जाते पण खचाखच असते, काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल पकडा, काही मिनिटांत पोचता. सोमवारी जाऊ नका. जेरोनिमुश मठाचं तिकीट ऑनलाइन काढून पहिल्याच वेळेला जा, अकरानंतर रांग उन्हात असते. मठाच्या आवाराला, म्हणजे क्लॉयस्टरला तिकीट आहे, चर्चमध्ये जाणं फुकट.

हे बांधकाम १५०१-०२ च्या सुमाराला राजा मानुएलने सुरू केलं आणि पैसा आला मुख्यतः मसाल्यावरच्या कराचा. मिरी, दालचिनी, लवंग. दगडात कोरलेलं नीट बघा, जहाजाचे दोरखंड, गाठी, समुद्री शेवाळ, आकाशगोल, सगळं खलाशांचं जग. चर्चमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आणि उजव्या हाताला कवी कामोइंशची. वास्को वारला कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, तिथल्या चर्चमध्ये पुरला, मग अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि या चर्चमध्ये त्या १८८० ला आल्या. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ज्याचं नाव पाठ केलं त्याच्या दगडी पायाशी उभं राहिल्यावर काय वाटतं ते सांगणं कठीण आहे. कारागिरी बघून हात जोडावेसे वाटतात आणि त्याच वेळी हा पैसा कसा आला तेही आठवतं, गोव्यात १५६० पासून अडीचशे वर्षांच्या आसपास चाललेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आठवतं. मला वाटतं दोन्ही मनात ठेवूनच बघावं, एकाने दुसरं पुसू नये. समोरच्या नदीकाठावरच्या भल्या मोठ्या जहाजाच्या आकाराच्या स्मारकावर ३३ माणसं कोरलीत, त्यात गोवा जिंकणारा आल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियरही आहे, ओळखायचा प्रयत्न करा. झेवियर ७ एप्रिल १५४१ ला या नदीतूनच निघाला आणि १३ महिन्यांनी गोव्याला पोचला. आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स, तोही एप्रिल १५७९ मध्ये इथूनच जहाजात बसला.

बेलेमचा मनोरा चालत पंधरा-वीस मिनिटं. आत जायची रांग मोठी असेल तर खुशाल सोडा, खरी गंमत बाहेर आहे. वायव्येकडच्या छोट्या बुरुजाच्या खाली दगडात एक गेंड्याचं डोकं आहे, झिजलंय आता, शोधावं लागतं. त्याची गोष्ट अशी की गुजरातच्या सुलतान मुजफ्फरने आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवून राजाला पाठवला, मे महिन्यात तो लिस्बनला उतरला, कित्येक शतकांत युरोपने जिवंत गेंडा बघितला नव्हता. त्याला म्हणायचेही गेंडाच, तिकडे लिहिलं गांदा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. मग त्याला पोपकडे भेट म्हणून रवाना केलं आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळीने बांधलेला गेंडा त्यातच मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने नुसतं वर्णन आणि एक रेखाटन बघून त्याचं जे चित्र केलं ते जगभर गेलं. मी त्या दगडाकडे बराच वेळ बघत होते, बिचारं जनावर.

परत येताना पाश्तैश द बेलेम, १८३७ पासूनचं दुकान. अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट, वरून दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवायची, गरमच खायची. बाहेरची रांग पार्सलची असते, आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, सरळ आत जाऊन बसा, लवकर जागा मिळते. यात अंडं भरपूर असतं, अंडं न खाणाऱ्यांनी चव बघायच्या मोहात पडू नये.

तिसरा दिवस: आल्फामा, आणि मुंबई हुंड्यात देणारी राणी

आल्फामा भूकंपात बऱ्यापैकी वाचलं, त्यामुळे भूकंपाआधीचं लिस्बन कसं असेल ते इथेच कळतं. नाव अरबी, गरम झऱ्यांवरून पडलेलं, कारण ११४७ पर्यंत इथे मुसलमानांचं राज्य होतं. लोक इथे २८ नंबरची पिवळी ट्राम पकडायला धडपडतात. ट्राम खरंच गोड आहे, १९३० च्या दशकातल्या डब्यांची, पण दहानंतर मार्तिम मोनिशला तासभर रांग आणि आत पाकीटमार. आमच्यासमोर एका बाईची पर्स उघडून आतलं सगळं गेलं आणि तिला पुढच्या स्टॉपपर्यंत कळलं नाही. सकाळी आठच्या आत बसा नाहीतर रात्री, पासपोर्ट हॉटेलात ठेवा. किल्ल्यावर जायला ७३७ नंबरची छोटी बस आहे, प्रासा दा फिगैरावरून सुटते, ती घ्या आणि मग सगळं फिरणं उताराच्या दिशेने करा. चढायचं बसने, उतरायचं पायी, लिस्बनचा हा एकच नियम.

किल्ल्यात मोर फिरतात, दृश्य छान, पण आत बघण्यासारखं त्यामानाने थोडं आहे. उतरताना सांता लुझियाच्या सज्जावर थांबा, भिंतीवर टाइल्समध्ये भूकंपाआधीचा राजवाडा आणि चौक चितारलाय, पहिल्या दिवशी जो दिसला नाही तो. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर जवळच फैरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो.

आणि आता ज्यासाठी मी हा एवढा मोठा लेख लिहायला घेतला ते. साँव विसेंत द फोरा. हा पांढरा दोन मनोऱ्यांचा मठ, गाइडबुकात चार ओळी असतात याच्यावर आणि बहुतेक लोक बाहेरून फोटो काढून जातात. आत तिकीट काढून जा. पोर्तुगालच्या ब्रागान्सा राजघराण्याच्या कबरी आहेत एका मोठ्या दालनात, साध्या दगडी पेट्या, आणि त्यात एक आहे कातारिना द ब्रागान्सा, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची राणी. १६६१ च्या लग्नाच्या करारात हुंडा म्हणून मुंबई दिली ती हिच्याबरोबर. मुंबई प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात गेली १६६५ ला, आणि तीनच वर्षांनी राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. राणीला मूल झालं नाही, परक्या दरबारात कॅथलिक म्हणून तिच्यावर संशय घेतला, नवरा वारल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परत आली आणि १७०५ ला लिस्बनमध्येच वारली. इंग्लंडच्या दरबारात चहा प्यायची फॅशन तिने आणली असं सांगतात, पोर्तुगीजमध्ये चहाला शा म्हणतात, आणि तो लिहितातही आपल्या चा सारखाच. आमची तीन पिढ्यांची मुंबई, गिरगावातली खोली, मग डोंबिवली, लोकलचे धक्के, आणि ज्या बाईच्या लग्नात ती बेटं दिली गेली तिने ती आयुष्यात कधी बघितलीही नाहीत. आई तिथल्या बाकावर बराच वेळ बसली, काही बोलली नाही. वर गच्चीवर जाता येतं, तिथून नदी बघा, आणि मधल्या मजल्यावर प्राण्यांच्या गोष्टींची निळी टाइल पॅनल्स आहेत, पोरं असतील तर ती आधी दाखवा.

जाता जाता, लिस्बनच्या चर्चच्या घंटा ऐकल्या की नाशिकची नारोशंकराची घंटा आठवते. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या, नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे, वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७. परत आल्यावर या दोन्ही बघून या.

संध्याकाळी फादू, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं. जेवणासकट मोठ्या शोचं बुकिंग करू नका, महाग पडतं आणि शाकाहाऱ्याला जेवायला काही नसतं. आल्फामातल्या छोट्या जागा शोधा, बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार आणि गाणारी बाई किंवा बुवा, माइक नाही, दिवे मंद. गाणं सुरू झालं की चमचा वाजलेला चालत नाही, फोन बॅगेत ठेवा. शब्द कळत नाहीत पण काहीतरी हरवल्याची ओढ आहे एवढं कळतं, त्यांचा त्याला शब्द आहे सावदाद. बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत करा.

चौथा दिवस आणि खाण्यापिण्याचं

चौथ्या दिवशी म्युझियमं, पण दोनच निवडा. टाइल म्युझियम चालू असेल तर ते पहिलं, कारण तिथे भूकंपाच्या आधीच्या लिस्बनचं साधारण २३ मीटर लांबीचं टाइल्समधलं चित्र आहे, पहिल्या दिवशी जे गेलं असं ऐकलं ते सगळं त्यात घराघरासकट उभं आहे. नाहीतर प्राचीन कलेचं राष्ट्रीय म्युझियम, तिथे बेलेमचं सोन्याचं पूजापात्र बघा, १५०६ चं, वास्को द गामाने आफ्रिकेतल्या किल्वाकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्याचं. साँव रोक चर्च बाहेरून एवढं साधं की लोक पुढे निघून जातात, आत एक चॅपल आहे जे रोममध्ये बांधून, सुटं करून, जहाजाने १७४७ ला इथे आणलं. गुल्बेंकियान संग्रह जगात नाव काढण्यासारखा आहे पण त्याला अर्धा दिवस लागतो.

शाकाहारी लोकांनी घाबरू नका पण विचारत चला. सें कार्न, सें पैश म्हणजे मांस नको, मासा नको. भाजीचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं, स्वस्त आणि पोटभर, पण काल्दु वेर्द या हिरव्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा टाकतात तो आधीच नको म्हणून सांगा. पैशीन्युश दा ओर्ता म्हणजे फरसबीची भजी, नावाचा अर्थ बागेतले छोटे मासे, हाच पदार्थ पोर्तुगीजांनी जपानला नेला आणि त्याचा टेंपुरा झाला म्हणतात, पिठात अंडं आहे का विचारा. कॅफेत काचेखाली शामुसा दिसेल, म्हणजे आपला समोसा, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला, पण आत बहुतेकदा मांस किंवा चिकन असतं. आईला तिसऱ्या दिवशी वरणभात हवा झाला तेव्हा आम्ही राधाकृष्ण मंदिरात गेलो, मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांचा समाज मोठा आहे तिकडे, मंदिराला लागून शाकाहारी कॅन्टीन आहे. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायची, बाहेरच्या खुर्चीवर बसलं की किंमत वाढते. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पाचवा दिवस हातात असेल तर सिंत्रा, रोसियू स्टेशनवरून लोकलने पाऊण तास, नसेल तर त्याच्या मागे धावू नका.

शेवटच्या संध्याकाळी काइश दु सोद्रेवरून काकील्याशची फेरीबोट पकडा, तेच नावेगांते कार्ड चालतं, दहा मिनिटांचा प्रवास, टूरवाल्या बोटींना जेवढे पैसे लागतात त्याच्या पासंगालाही नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, पलीकडे थोडं बसा आणि अंधार पडता पडता परत या. जाताना उजव्या बाजूला बसा, लाल पूल आणि मावळता सूर्य दिसतो. येतानाही उजव्याच बाजूला बसा, म्हणजे चौक, किल्ला, आल्फामाचे दिवे आणि वर साँव विसेंतचे दोन पांढरे मनोरे समोर येतात.